युरोपात वीकेंड: चर्च-म्युझियम नको, बार, बाजार आणि गाणं कुठे?

मंद्रसप्तक | 9 सप्टेंबर, रात्री 9:14

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं गेली तीन वर्षं नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आहोत. युरोप बघितला नाही असं म्हणायची सोय नाही. पहिल्या वर्षी माझे आई-बाबा आले, मग सासू-सासरे, मग नवऱ्याची मावशी आणि तिच्या भिशीतल्या दोघी. त्यामुळे आयफेल टॉवर चारदा, कोयकेनहोफची ट्यूलिपं तीनदा आणि टिटलिस दोनदा झालंय. आयफेलखाली दशम्या खायला बसायचं तर कुठल्या बाकावर वारा लागत नाही, हे मी झोपेत सांगेन.

आता मार्चपर्यंत कोणीही येणार नाही. थंडीचे उपकार. तर दोन-तीन वीकेंड फक्त आमच्यासाठी काढायचे, आणि त्यात एकही चर्च, एकही म्युझियम, एकही राजवाडा नको, यावर आमचं एकमत झालंय (लग्नानंतरचं तिसरं). नवऱ्याला वेगवेगळ्या बिअर चाखायच्यात. मला दुकानं हवीत, पण विमानतळावर असतात तीच नावं मुख्य रस्त्यावर असतात ती नव्हेत. जुनी, एखादाच माल विकणारी, मालक स्वतः गल्ल्यावर बसलेली. आणि दोघांनाही हवंय गाणं-वाजवणं. मी अकरा वर्षं पेटी शिकलेय, त्यामुळे स्टेडियममध्ये मोठ्या पडद्यावर गायक बघण्यात रस नाही. वाजवणाऱ्याची बोटं दिसतील इतकं जवळ बसायचंय.

शुक्रवारी ऑफिस आटोपून निघायचं, रविवारी रात्री घरी. दोघांचं सगळं धरून 500 युरो. कुठे जाऊ?

टवाळ_टोणगा | 9:21

पहिला! दाराशी चपला काढून बसलोय. चालू द्या. चखणा घरून आणलाय.

मडगांवचो | 10:02

लिस्बन. विषय संपला.

आता संपलेल्या विषयावर थोडं बोलतो. मी चार वर्षं तिथे काढली आहेत. बोटं दिसायला हवीत म्हणता ना? बायरू आल्तूमधल्या 'तास्का दु शिकू'त बसलात तर वाजवणाऱ्याचं कोपर तुमच्या ग्लासला लागेल, एवढीच जागा. फादो म्हणजे तिथलं दर्दभरं गाणं. तिथे 'फादो वादियु' होतो, म्हणजे हौशी मंडळींचा फादो. आत्तापर्यंत शेजारी बसून चोरीस (मसालेदार सॉसेज) खाणारी बाई उठते, शाल सावरते आणि गायला लागते. दिवे मंद होतात, वाढणारा आहे तिथे थांबतो. साथीला बारा तारांची, नासपतीच्या आकाराची पोर्तुगीज गिटार आणि एक साधी गिटार. तिला तिथे 'व्हियोला' म्हणतात, गोंधळू नका. गाणं चालू असताना कोणी कुजबुजलं तरी अख्खी खोली वळून बघते. लिस्बनमध्ये गाणं संपल्यावर टाळ्या वाजवतात. कुइंब्राच्या विद्यार्थ्यांच्या फादोला मात्र टाळ्या नाहीत. तिथे खाकरून दाद द्यायची जुनी रीत आहे. मी खाकरलो तर बायकोने गोळी काढून दिली.

दुकानं म्हणाल तर शियादूमधलं बर्ट्रांड पुस्तकांचं दुकान 1732 सालचं आहे. रोशियू चौकाजवळ 'आ जिन्जिन्या' 1840 पासून आंबट चेरीची गोड दारू विकतंय. दुकान कसलं, पानाची टपरी. उभ्याउभ्या एक घोट घ्यायचा. विक्रेता एकच प्रश्न विचारतो: चेरीसकट की चेरीशिवाय? शनिवारी सकाळी कांपु द सांता क्लाराला 'फैरा दा लाद्रा' भरते, आपला चोरबाजारच म्हणा. ती मंगळवारीही असते.

एक सावधगिरीची सूचना. जेवायला बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर लगेच परत पाठवा, नाहीतर बिलात दिसतं आणि आमच्यासारख्यांचा चेहरा पडतो.

हिरवी_मिरची | 10:19

@मडगांवचो, चोरीस गोव्याचं की पोर्तुगालचं?

मडगांवचो | 10:26

ते शोरीसु, आमचं चोरीस. आमच्यात व्हिनेगर आणि मिरची जास्त, त्यामुळे अर्थातच आमचं श्रेष्ठ. बाकी तिथल्या वाण्याकडे तुम्ही मराठीत खरेदी करू शकता. बटाट्याला बताता, अननसाला अननाश, काजूला काजू. घराची चावी म्हणजे शाव्ह, बादली म्हणजे बाल्द. पहिल्या आठवड्यात घरमालकीण हातवारे करून 'बाल्द, बाल्द' म्हणत होती आणि मी न विचारता बादली आणून दिली, तेव्हापासून मी तिचा लाडका.

विनायककाका62 | 10. सप्टेंबर, सकाळी 6:05

बार, बार आणि बार. आमच्या पिढीने युरोप पाहिला तो चित्रं, शिल्पं आणि संग्रहालयं पाहण्यासाठी. इतक्या लांब जाऊन माणसं अंधाऱ्या खोलीत ग्लास घेऊन बसतात आणि त्याला संस्कृती म्हणतात. असो. तुमचा पैसा, तुमचं यकृत.

टवाळ_टोणगा | सकाळी 8:40

काका, सकाळी सहा वाजता बारच्या धाग्यावर? ;-)

पेठेतला_पाटील | 9:15

काकांकडे दुर्लक्ष करा, पण लिस्बनवर माझा आक्षेप आहे. वीकेंडला तीन तासांचं विमान म्हणजे वीकेंड नव्हे, दौरा. त्यात विमानतळावर दोन तास आधी, तिथून गावात अर्धा-पाऊण तास. जाताना घड्याळ एक तास हातावर ठेवतं आणि येताना तोच काढून घेतं. रविवारी मध्यरात्री घरी आणि सोमवारी नऊला ऑफिसची स्टँडअप मीटिंग. बाईंनी स्पष्ट लिहिलंय की शुक्रवारी ऑफिस करून निघायचंय. माझा नियम: दारापासून दारापर्यंत चार तासांच्या वर असेल ते वीकेंडला नाही. आगगाडी असेल तर उत्तम, कारण तिथे पिशवीतली बाटली कोणी काढून घेत नाही.

राइनकाठचा_राम्या | 11:48

पाटलांना शंभर टक्के अनुमोदन. आइंडहोवनहून व्हेन्लोला गाडी बदला, तिथून तासाभरात डुसेलडॉर्फ, आणखी थोडं पुढे कोलोन. मी कोलोनचा पक्षपाती, आधीच सांगतो.

कोलोनच्या ब्राउहाउसमधला (स्वतःची बिअर बनवणाऱ्या गुत्त्यातला) वाढपी म्हणजे 'क्योबेस'. निळा एप्रन, हातात गोल परातीसारखी 'क्रांत्स', तिच्यात 200 मिलिलिटरचे बारीक उंच ग्लास खोचलेले. तुमचा ग्लास संपत आला की तो न विचारता दुसरा ठेवतो आणि बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ मारतो. परत परत. 'पुरे' म्हणायला तोंड उघडून उपयोग नाही. पुठ्ठा ग्लासावर झाकण म्हणून ठेवायचा, तेव्हाच तो थांबतो. पंगतीत पानावर आडवा हात धरावा तसं. मला हे माहीत नव्हतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा पुठ्ठ्यावर अकरा रेघा झाल्या होत्या आणि मी प्रत्येक वेळी नम्रपणे 'डांके' म्हणत होतो.

दुसरं, क्योबेसकडून गोडव्याची अपेक्षा ठेवू नका. पाणी मागितलं तर साबण आणि टॉवेलही आणू का, असं विचारण्याची त्यांची ख्याती आहे. सदाशिव पेठेत दोन वर्षं राहिलेल्या माणसाला अगदी घरच्यासारखं वाटतं.

फ्रीजनश्ट्रासंवरच्या पेफगेनमध्ये जा. 1883 पासूनचं आहे, बिअर अजून लाकडी पिंपातून काढतात. आणि गाण्यासाठी जुन्या गावातलं 'पापा जोज'. छोटंसं, धुराने काळवंडल्यासारखं जॅझचं ठिकाण, बँड हाताच्या अंतरावर. पेटीवाल्या बाईंना बोटं नक्की दिसतील.

हिरवी_मिरची | 12:10

आणि डुसेलडॉर्फ?

राइनकाठचा_राम्या | 12:13

ते काय असतं?

पेठेतला_पाटील | 12:31

हाहा. मिरचीताई, कोलोनवाल्यासमोर डुसेलडॉर्फची काळी आल्ट बिअर आणि डुसेलडॉर्फवाल्यासमोर कोलोनची पिवळी क्योल्श मागायची नाही. मुंबईकराला पुण्याच्या भेळेचं कौतुक सांगण्यासारखं आहे. खरं सांगायचं तर दोन्ही वर तरंगणाऱ्या यीस्टने आंबवलेल्याच बिअर, एका नदीच्या काठच्या. पण हे मी इथे म्हटलं, तिथे म्हणणार नाही.

एक मात्र आहे: जर्मनीत रविवारी दुकानं बंद. सुपरमार्केटसुद्धा. दुकानं बघायची तर सगळं शनिवारी उरकावं लागेल.

चिंब_पावसाळी | 10 सप्टेंबर, दुपारी 3:02

डब्लिन कोणीच कसं नाही म्हणालं? लाइव्ह संगीत हवंय ना?

टेंपल बार या पर्यटकांच्या भागात फक्त फोटो काढा, प्यायला नदी ओलांडून स्मिथफिल्डला 'कोबलस्टोन'मध्ये जा. हा पिण्याचा पब आहे पण याला संगीताची खोड आहे, अशा अर्थाचं त्यांचं स्वतःचंच ब्रीद आहे. दाराजवळच्या कोपऱ्यात सात-आठ जण येऊन बसतात. फिडल, बासरी, बोध्रान (हातात धरायचा ढोल) आणि नशीब असेल तर इलन पाइप्स. मंद्रसप्तक, हे तुमच्यासाठी: हे पाइप तोंडाने फुंकत नाहीत, काखेत भाता धरून कोपराने हवा भरतात. आपल्या पेटीचा भाता काखेत आलाय असं समजा. माइक नाही, स्टेज नाही, कार्यक्रमपत्रिका नाही. त्याला 'सेशन' म्हणतात. 2021 मध्ये तिथे हॉटेल बांधायचा घाट घातला होता तर लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि पालिकेने परवानगी नाकारली.

रीत अशी की वाजवणाऱ्यांच्या खुर्च्यांवर बसायचं नाही, त्या रिकाम्या असल्या तरी. आणि कोणी एकट्याने, साथीशिवाय, जुन्या ढंगाचं गाणं सुरू केलं की पबमधला आवाज आपोआप बंद होतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा रिकामी खुर्ची बघून आनंदाने बसले. म्हातारा अकॉर्डियनवाला दहा मिनिटं शेजारी उभा राहून हसत होता, काही बोलला नाही. शेवटी बारवाल्याने मला उठवलं.

गोधडी | 3:20

थांबा थांबा. डब्लिनचं तिकीट काढण्याआधी पासपोर्ट कुठला आहे ते बघा. भारतीय असेल तर डच रहिवासी परवान्यावर आयर्लंडमध्ये जाता येत नाही. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, नाही. वेगळा व्हिसा लागतो.

हे मला कसं माहीत? आम्ही विमानतळावरून परत आलोय. बॅगा भरलेल्या, मैत्रिणीचा तिसावा वाढदिवस, आणि काउंटरवरची मुलगी परवाना उलटसुलट करून बघतेय. चूक आमचीच होती. तिकिटांचे पैसे गेले. त्या रात्री घरीच यूट्यूबवर आयरिश संगीत लावलं आणि पिठलं-भात केला.

चिंब_पावसाळी | 3:34

अरे हो! माझा आयरिश परवाना असल्याने लक्षातच येत नाही. आम्हाला उलटा त्रास, तिकडे यायला शेंगेन व्हिसा काढावा लागतो. सॉरी मंद्रसप्तक.

मंद्रसप्तक | 10 सप्टेंबर, रात्री 8:50

बाप रे, केवढे प्रतिसाद! पासपोर्ट दोघांचेही भारतीय. गोधडी, वाचवलंस. कोपराने वाजवायचा भाता डोक्यात बसलाय, त्यासाठी कधीतरी व्हिसा काढेन.

पाटलांचा चार तासांचा नियम नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, या माणसाला मत दिलं असतं. म्हणजे लिस्बन लांबणीवर. त्याला निदान चार दिवस हवेत.

एक राहिलं. मी फारशी पीत नाही. अशा ठिकाणी नुसतं बसलं तर विचित्र दिसतं का?

हिरवी_मिरची | 9:05

अजिबात नाही. मी कधीच घेत नाही, नवरा घेतो. बिनअल्कोहोलची बिअर जवळपास सगळीकडे असते, टॉनिक वॉटर मागा, काहीही मागा. फक्त काहीतरी मागा. तीन तास टेबल अडवून नळाचं पाणी पिणाऱ्यांचा तिथल्या माणसांना राग येतो आणि तो रास्त आहे. त्यांचं भाडं त्या ग्लासांवरच निघतं, वाजवणाऱ्यांचे पैसेही. टोपी फिरली तर नाण्यांऐवजी नोट टाका.

दानुबतीरी | 11 सप्टेंबर, सकाळी 10:30

बुडापेश्त. आइंडहोवनहून थेट विमान आहे. पाटील, दार ते दार चार तास थोडे ओलांडतील, पण ऐका.

सातव्या जिल्ह्यात, जुन्या ज्यू वस्तीत, पडायला आलेल्या वाड्यांमध्ये बार आहेत. 'रोमकोच्मा' म्हणजे पडक्या घरातला गुत्ता. काझिंत्सी रस्त्यावरचं 'सिम्प्ला' 2004 पासून तिथे आहे. अर्धी कापलेली ट्राबांट गाडी म्हणजे बाकडं, कापलेला बाथटब म्हणजे सोफा. आपल्याकडचा पुनर्विकासात न गेलेला वाडा डोळ्यांपुढे आणा, मधला चौक, वर गॅलऱ्या, आणि प्रत्येक खोलीत वेगळा गोंगाट. रविवारी सकाळी तिथेच शेतकऱ्यांचा बाजार भरतो, चीज, मध, लोणची.

पेठेतला_पाटील | 10:52

सिम्प्लाबद्दल असहमत. शनिवारी रात्री गेलो होतो. तिथे एकही हंगेरियन भेटला नाही. लग्नाआधीची शेवटची पार्टी करायला आलेले ब्रिटिश नवरदेव भेटले, त्यातला एक कोंबडीच्या वेषात होता. बँड वाजत होता, पण कोंबडी जास्त ओरडत होती.

दानुबतीरी | 11:20

शनिवारी रात्री कोण जातं! म्हणून तर रविवार सकाळ म्हटलं.

संगीतासाठी 'ए 38'. युक्रेनहून आणलेलं, दगड वाहणारं जुनं जहाज, 2003 पासून दानुबमध्ये बांधून ठेवलंय, तळाशी संगीताचं सभागृह. आणि याहून खासगी हवं असेल तर 'तांत्सहाझ' शोधा. 1972 मध्ये शहरातल्या तरुण पोरांनी खेड्यांतली नाच-गाणी खेड्यातल्या वादकांकडून जशीच्या तशी शिकायला सुरुवात केली, त्यातून ही चळवळ निघाली. तिथे प्रेक्षक नसतात, तुम्हालाही गोलात ओढतात. व्हायोलिनवाला तुमच्या पायांकडे बघून लय कमी-जास्त करतो.

पिण्याबद्दल एकच: वाइनमध्ये सोडा घालून 'फ्र्योच' पितात आणि प्रत्येक प्रमाणाला वेगळं नाव आहे. तीन भाग वाइन आणि दोन भाग सोडा म्हणजे 'हाझमेश्तर', वाड्याचा रखवालदार. एक वाइन, दोन सोडा म्हणजे 'लांब पाऊल'. काका, तुम्ही लांब पाऊल घ्या. आणि बिअरचे ग्लास एकमेकांवर आपटू नका. 1849 मध्ये हंगेरियन सेनापतींना फाशी देताना ऑस्ट्रियनांनी ग्लास आपटून आनंद साजरा केला अशी आख्यायिका आहे. दीडशे वर्षांची शपथ होती, ती संपली, पण जुनी माणसं अजून पाळतात.

मोठी बाजारपेठ, 1897 ची लोखंडी छताची, फोव्हाम चौकात. पापरिका, म्हणजे तिथली लाल मिरचीची पूड, तिथेच घ्या.

विनायककाका62 | 11 सप्टेंबर, संध्याकाळी 7:40

मी धागा वाचत होतो. एक कबूल करतो. गाणं सुरू झालं की वाढपी जागेवर थांबतो, आणि कुजबुजणाऱ्याकडे अख्खी खोली वळून बघते, हे वाचून बरं वाटलं. मी 1974 पासून सवाईला जातोय. मागच्या वर्षी माझ्या मागच्या रांगेत एक कुटुंब बडा ख्याल चालू असताना फ्लॅटच्या ताब्याविषयी बोलत होतं. विलंबित एकताल आणि ओसी मिळाली का. त्यांना त्या लिस्बनच्या खोलीत नेऊन बसवा.

दारूबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

मडगांवचो | 7:55

काका, तुम्ही चला. जिन्जिन्याची चेरी तेवढी खा, दारू मी पितो.

मंद्रसप्तक | 8:10

काका, 1974! तुमच्यासमोर मी काय पेटीच्या गप्पा मारतेय. ओसीवर नवरा अजून हसतोय. पण आपल्याकडे मधेच 'वाह' म्हटलं की गाणाऱ्याला हुरूप येतो, तिकडे तेच चालेल का हा प्रश्न मला पडलाय. नवऱ्याला सवय आहे.

टवाळ_टोणगा | 8:22

पोलंडचं क्राकुव सुचवतो. चौकातल्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते, फुकट, आणि मध्येच तुटते. बाण लागून तुतारीवाला मेला म्हणे. फक्त मनोरा चर्चचा आहे, तेव्हा तुमच्या अटीत बसत नाही. शिवाय 2018 पासून तिथेही बहुतेक रविवारी दुकानं बंद. म्हणजे सुचवतो आणि मागे घेतो.

गोधडी | 12 सप्टेंबर, रात्री 11:05

पोराला झोपवून बसलेय, आता सविस्तर लिहिते. तुमच्या सगळ्या अटींत बसणारं गाव तुमच्या शेजारी आहे आणि सगळे बुडापेश्त-लिस्बन करत बसलेत. बेल्जियममधलं गेंट.

ब्रुज नव्हे. ब्रुज सुंदर आहे पण संध्याकाळी सातनंतर तिथे बहुतेक तुम्ही आणि हंस. गेंट हे विद्यार्थ्यांचं गाव आहे, रात्री जागं असतं. आइंडहोवनहून गाड्या बदलत अँटवर्पमार्गे तीन तासांच्या आसपास. 2009 पासून युनेस्कोच्या संगीतनगरींच्या यादीत आहे, पण त्यासाठी जाऊ नका, ग्रुनटेनमार्क्ट या एका चौकासाठी जा. भाजीबाजार असा साधा अर्थ. दुकान, बार आणि गाणं, तिन्ही या चौकात चालत दोन मिनिटांत.

दुकान: टिरेंटाइन-व्हर्लेंट. 1790 पासून. विकतात मुख्यतः मोहरी. तळघरात वाटतात, वर लाकडी पिंपात येते, आणि बाई लाकडी पळीने तुमच्या बरणीत भरून देते. आपण लोणच्यासाठी मोहरी फेसतो ना, तो वास. नाकातून थेट मेंदूत. टिकवायला काही घालत नाहीत, त्यामुळे घरी आणून लगेच फ्रिजमध्ये.

बार: नदीच्या काठाला 'ड्र्योपेलकोट', यनेव्हरची दोनशेच्या वर चवी. यनेव्हर म्हणजे जिनची आजी. ग्लास काठोकाठ भरतात, उचलायचा नाही, वाकून पहिला घोट टेबलावरूनच ओढायचा. मिरीची मागाल तर आपल्या जबाबदारीवर.

गाणं: त्याच चौकाच्या मागे, दोन माणसं जेमतेम जातील अशा बोळात, 'हॉट क्लब गेंट'. बोळ बघून वाटतं की चुकलो. आत जिप्सी जॅझ असतो. या जॅझचा जनक, गिटारवाला जँगो रेनहार्ट मूळचा बेल्जियममध्येच जन्मलेला, 1910 साली. आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली आणि उरलेल्या दोघांवर त्याने हे सगळं वादन उभं केलं. पेटीवाल्या बाई, तुम्हाला बोटंच बघायची आहेत ना?

शिवाय तिथे गुरुवार शाकाहारी दिवस म्हणून पाळतात, 2009 पासून, त्यामुळे शाकाहारी जेवण इतर दिवशीही मुबलक. मी एकदा एकटीच गेले होते, बाळंतपणाच्या आधी. काउंटरला, वादकांच्या बाजूला बसले, बाराच्या सुमारास चालत हॉटेलवर आले, काही त्रास झाला नाही.

आणि ज्याला बिअर हवी त्याला फ्रेइडागमार्क्टवर 'डुले ग्रीट'मध्ये पाठवा. त्यांच्या सव्वा लिटरच्या ग्लासाची बिअर मागितली की ते पायातला एक बूट काढून घेतात. ग्लास कोणी पळवू नये म्हणून. बूट टोपलीत घालून घंटा वाजवत छताला टांगतात. ग्लास परत केला की बूट परत.

टवाळ_टोणगा | 11:12

म्हणजे चपला दाराशी काढण्याची पद्धत युरोपात पोहोचली. मी धाग्यावर बरोबर बसलो होतो.

पेठेतला_पाटील | 11:30

तीन तास. गाडी. बूट. माझं मत गेंटला.

राइनकाठचा_राम्या | 11:41

क्योबेसला विचारून सांगतो. तो रागावेल.

गोधडी | 11:48

एक विसरले. सिंट-व्हेर्लेप्लेनवर रस्त्याचे काही दिवे असे आहेत की गावात बाळ जन्मलं आणि आई-बापांनी इस्पितळात बटण दाबलं की ते हळूच उजळतात. म्युझियम नाही, चर्च नाही. उभं राहून वाट बघायची फक्त.

मंद्रसप्तक | 3 नोव्हेंबर, रात्री 10:20

धागा वर काढतेय. जाऊन आलो!

गेंट. हॉटेल, गाडी, खाणं-पिणं, मोहरी सगळं धरून 460 युरो.

शुक्रवारी पोहोचायला साडेनऊ झाले, अँटवर्पची गाडी चुकली म्हणून. बॅग हॉटेलात टाकून तसेच बोळात शिरलो. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी उभं राहून अर्धा तास फक्त आवाज ऐकला. दोन गिटार, एक व्हायोलिन, एक डबल बास. मध्यंतरात एक आजोबा उठून गेले, त्यांची खुर्ची मिळाली. गिटारवाल्यापासून माझं अंतर सांगू? त्याने तार लावताना मान खाली घातली की केसांना शाम्पूचा वास येत होता. दुसरा गिटारवाला पूर्ण वेळ एकाच ठेक्यावर होता, उजवा हात तबल्याच्या डग्ग्यासारखा. मी तोच बघत राहिले.

नवऱ्याने अपेक्षेप्रमाणे एका जागेवर जोरात 'क्या बात!' म्हटलं. तिघांनी मागे वळून बघितलं. पण व्हायोलिनवाल्याने हसून तीच जागा परत घेतली. काका, त्या क्षणी तुमची आठवण झाली, खरंच.

शनिवारी बूट. टोपली वर जाण्याआधी त्याने मोजा बघितला. अंगठ्याला भोक होतं. सव्वा लिटर संपेपर्यंत एका पायावर दुसरा पाय ठेवून बसला होता. शेजारच्या टेबलावरच्या डच बायकांनी फोटो काढले. सिंट-याकोबच्या जुन्या बाजारात मला एक पितळी ट्यूनिंग फोर्क मिळाला, चार युरो.

रविवारी सकाळी कौटरला फुलांचा बाजार. तिथे निळ्या टपरीवर लोक थंडीत उभं राहून कालवं आणि पांढरी वाइन घेतात. नवरा मालवणचा. सहा कालवांचा भाव बघून म्हणाला, एवढ्यात आई अख्ख्या वाडीला सुकं करून घालेल. मग त्याने सहा खाल्लीच.

दिव्याखाली पाऊण तास उभे होतो. एकही बाळ झालं नाही. नवरा म्हणाला, आज सुईणींचा संप दिसतोय.

पुढचा वीकेंड कोलोन. पुठ्ठा झाकायची तालीम घरी चालू आहे.

गोधडी | 10:41

सुईणींचा संप! मी वाट बघत उभी होते तेव्हाही दिवा लागला नव्हता, तुझी शपथ.

मडगांवचो | 10:50

चार दिवसांचं लिस्बन मी सोडलेलं नाही. मार्चमध्ये परत येईन.

विनायककाका62 | 4 नोव्हेंबर, सकाळी 6:02

'क्या बात'वर त्याने तीच जागा परत घेतली, म्हणजे कानसेन ओळखणारा माणूस आहे.

एक विचारायचं होतं. ती मोहरी किती दिवस टिकते?

मंद्रसप्तक | सकाळी 8:15

फ्रिजमध्ये बरेच दिवस टिकते म्हणाल्या, काका. आमची मोठी बरणी चार दिवसांत संपली, बटाटेवड्यांबरोबर. छोटी शिल्लक आहे. डिसेंबरात पुण्याला येतेय, आणू?

विनायककाका62 | 8:17

पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.